तळघरातले विमान

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. "पाहिलात का हो?" आणि "पाहिला" म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याचेही श्रम वाचतात. तेव्हा नायगारा मी पाहिला, तो मोठा आहे, आणि त्याचे पाणी अंगावर उडते, एवढे सांगून मी त्याचे प्रकरण संपवतो. मला सांगायचे आहे ते त्या वाटेवरच्या एका गावाविषयी. न्यूयॉर्कहून मोटारीने निघाले की तीन-साडेतीन तासांत ते लागते. नाव बिंगहॅमटन. सहलीची मंडळी या गावाची पाटी खिडकीतून वाचतात आणि पुन्हा डुलक्या घेऊ लागतात. मी मात्र तिथे आठ दिवस राहिलो. कारण साधे होते. माझा भाचा तिथे नोकरीला आहे.

गाव सुरेख आहे. शनँगो आणि सस्क्वेहाना या दोन नद्यांचा तिथे संगम होतो. कऱ्हाडचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाला संगमाचे नवल वाटू नये, पण तरी दोन पाणी एकत्र होताना पाहिले की माणूस क्षणभर थांबतोच. भोवती बुटक्या डोंगरांच्या रांगा. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता आणि मेपलच्या झाडांनी सारे डोंगर पेटवून दिले होते. शेंदरी, लाल, डाळिंबी, हळदी, जणू कुणी पैठण्यांचे दुकान उघडून ठाणच्या ठाण उतारावर पसरले आहे. मी गाडीतून "वा! वा!" करीत होतो. भाचा नजर रस्त्यावर ठेवून म्हणाला, "हो मामा, सगळे म्हणतात फार सुंदर दिसतं." त्याच्या बोलण्यातला तो 'सगळे म्हणतात' मला तेव्हा खटकला नाही. त्याचा अर्थ चार दिवसांनी कळला.

एके काळी हे गाव जोड्यांसाठी प्रसिद्ध होते. एंडिकॉट-जॉन्सन नावाच्या कंपनीचे कारखाने या खोऱ्यात होते आणि भरभराटीच्या दिवसांत वीस हजारांवर माणसे तिथे कातडे कापीत आणि तळवे शिवीत असत. शेजारच्या एंडिकॉट गावात आयबीएम कंपनी वाढली. आता जोड्यांचे कारखाने बंद पडले आहेत. पण जॉर्ज जॉन्सन या त्यांच्या मालकाने मागे ठेवलेली एक गोष्ट अजून फिरते आहे, आणि तीही अक्षरशः! लाकडी घोड्यांची चक्रे. आपल्या जत्रेतल्या चक्रासारखीच, पण घोडे असे कोरलेले की नाकपुड्या फुललेल्या दिसाव्यात. 1919 ते 1934 या काळात बसवलेली अशी सहा चक्रे या परिसरात आहेत. जॉन्सनच्या लहानपणी चक्रात बसायला त्याच्याजवळ पैसे नसत म्हणून त्याने ती देताना अट घातली, की एकाही मुलाकडून कधी पैसे घ्यायचे नाहीत. रॉस पार्कमधल्या चक्रावर तर बसण्याचे मोल म्हणून कचऱ्याचा एक तुकडा उचलून आणून द्यायचा अशी प्रथा पडली आहे. आपल्या गावोगावच्या नगरपालिकांनी विचार करावा अशी ही कल्पना आहे.

लाकूड, हवा आणि हौस यांचे या गावाला काहीतरी वेड असावे. कारण याच गावात, एका कारखान्याच्या तळघरात, जगातले पहिले कामचलाऊ 'न उडणारे विमान' तयार झाले. 'कामचलाऊ' अशासाठी म्हटले, की त्यापूर्वी प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. 1910 च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानांच्या शाळेत पिंपाचे दोन अर्धे एकावर एक बसवून वरच्या अर्ध्यात विद्यार्थ्याला बसवीत, आणि बाकीचे लोक बाहेरून ते पिंप हलवीत. विद्यार्थ्याने चाके फिरवून तोल सावरायचा. शिक्षण कितपत होत असे कोण जाणे, करमणूक मात्र दोन्ही पक्षांची होत असणार.

ऑर्गनवाल्याचा मुलगा

एडविन लिंक हा पियानो आणि ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. जन्म 1904 चा, इंडियाना राज्यातला. मुलगा सहा वर्षांचा असताना कुटुंब बिंगहॅमटनला आले आणि बापाने डबघाईला आलेला वाद्यांचा कारखाना चालवायला घेतला. हे पियानो आपोआप वाजत. कागदाच्या गुंडाळीला भोके पाडलेली असत. त्या भोकांतून हवा शिरली की भाता दबे आणि पट्टी खाली जाई. पोरगा या भात्यांत आणि झडपांत वाढला.

1920 साली, सोळाव्या वर्षी, त्याने लॉस एंजेलिसला विमान चालवण्याचा पहिला धडा घेतला. तळ होता सिडनी चॅप्लिनचा. हा आपल्या चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ. धड्याची फी पन्नास डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. शिक्षकाने पोराला वर नेले, कोलांट्या मारल्या, गरगरा फिरवले आणि खाली आणून सोडले. पोराला दांड्याला हातही लावू दिला नाही. धडा संपला!

आपल्याकडे एखाद्या बुवाने गाणे शिकवण्याचे पैसे घेऊन शिष्याला नुसतेच ऐकवले, तर शिष्य काय करील? मुकाट्याने घरी जाईल, नाहीतर दुसरा बुवा शोधील. लिंकने तिसरा मार्ग धरला. पैशावाचून आणि जिवाच्या धोक्यावाचून ज्याला वाटेल त्याला दांडा हातात धरता येईल असे काहीतरी जमिनीवरच करता येणार नाही का, हा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. पुढे तो विमान शिकला, आणि 1927 ते 1929 या काळात बापाच्या कारखान्याच्या तळघरात बसून त्याने ते यंत्र जुळवले.

ते यंत्र समजायला आपल्याला फार लांब जायला नको. आपली बाजाची पेटी भाता दाबून हवा बाहेर ढकलते. संगीत नाटकांत पायाने चालवायचा जो ऑर्गन असे, तो उलट हवा आत ओढून घेतो. लिंकने हेच ओढीचे तंत्र घेतले. आखूड पंखांचा लाकडी खोका, त्याखाली चार भाते. विजेवर चालणारा पंप भात्यांतली हवा ओढून घेई. आत बसलेल्याने दांडा पुढे लोटला की झडपा उघडत-मिटत, पुढचा भाता आक्रसे आणि खोका नाक खाली घाली. दांडा डावीकडे नेला की खोका डावीकडे कले. पायाखालच्या पट्ट्या दाबल्या की भात्यांचीच एक मोटर सबंध खोका गर्रकन वळवी. बालगंधर्वांच्या स्वरांना ज्या युक्तीने साथ मिळे, तीच युक्ती इथे माणसाला आभाळाचा भास देत होती.

1931 साली या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याचे नाव मोठे गमतीचे आहे. 'विद्यार्थी वैमानिकांचे शिक्षण-साधन आणि करमणुकीचे यंत्र' असे ते दुहेरी नाव. शाळा न चालली तर जत्रा तरी चालेल हा व्यवहारी हिशेब! आणि झालेही तसेच. विमानवाल्यांनी नाके मुरडली. पहिली यंत्रे गेली ती करमणुकीच्या बागांत, चक्रांच्या आणि पाळण्यांच्या पंगतीला. मंदीच्या त्या दिवसांत लिंकने पोटासाठी आणखी एक उद्योग केला. विमानाच्या पंखांखाली दिवे लावले आणि पियानोच्या भोकांच्या गुंडाळीने ते अशा क्रमाने पेटवले की रात्री आकाशात जोड्यांच्या कंपनीचे नाव उमटावे. लोकांनी मान वर करावी म्हणून वर ऑर्गनच्या शिट्याही वाजवल्या! रात्री जोड्यांची जाहिरात करीत शीळ घालीत जाणारे ते विमान पाहून बिंगहॅमटनच्या म्हाताऱ्यांना काय वाटले असेल, हे मी मनातल्या मनात रंगवीत बसलो.

कानातले पाणी

आता माझ्या भाच्याच्या तळघरात चला.

अमेरिकेत घराला तळघर असते आणि तळघरात नवऱ्याचा छंद असतो. बायको वर, छंद खाली, आणि मध्ये एक जिना, अशी तिथली सुखी संसाराची व्यवस्था आहे. भाच्याच्या तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी एक विमान उभे होते. विमान म्हणजे त्याचे डोके फक्त. प्लायवुडच्या फळ्या कापून केलेला सांगाडा, भंगारातून आणलेली मोटारीची खुर्ची, समोर तीन पडदे. पायाखालच्या पट्ट्यांना दाराच्या बिजागऱ्या. आणि खुर्चीपुढे जमिनीतून उगवल्यासारखा एक दांडा. त्याला तो 'जॉयस्टिक' म्हणतो.

"हा दांडा बाजारात मिळतो की रे," मी म्हणालो.

"मिळतो मामा. पण मग तो बाजाराचा होतो."

हे उत्तर मला आवडले. माझी आई बाजारात मिळतात म्हणून पापड विकत आणीत नसे, तिचेही कारण बहुधा हेच असावे.

दांडा दिसायला साधा, पण त्याच्या बुडाशी खरी करामत आहे. एका चौकटीत दुसरी चौकट. बाहेरची पुढे-मागे झुलते, आतली डावी-उजवीकडे. चाकांच्या फळीवरून पोरे घसरत जातात त्या चाकांतल्या छोट्या बेअरिंगांवर या चौकटी बसवल्या आहेत. चारी बाजूंनी स्प्रिंगा ताणलेल्या, म्हणजे हात सोडला की दांडा आपोआप मध्यावर येतो. दांडा किती कलला हे यंत्राला कळायचे कसे? भाच्याने आधी रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखी बटणे लावली होती. पण जुन्या रेडिओचे बटण फिरवताना कशी खरखर येते? तशीच खरखर इथेही यायची, आणि विमान विनाकारण थरथरायचे. मग त्याने अक्षावर एक बारीक लोहचुंबक चिकटवले आणि शेजारी चुंबकाची ओढ मोजणारा तुकडा बसवला. एकाला दुसरा शिवत नाही, त्यामुळे झीज नाही आणि खरखरही नाही. एक चिमुकली इलेक्ट्रॉनिक पाटी ही ओढ शून्य ते 1023 या आकड्यांत मोजते आणि संगणकाला सतत कळवीत राहते. दांडा मधोमध असला की आकडा 512 च्या आसपास. पण हात कितीही स्थिर ठेवला तरी आकडा 510 होतो, 514 होतो. म्हणून मध्याच्या आजूबाजूची थोडी जागा 'मुकी' ठेवावी लागते. तेवढ्यात दांडा हलला तरी विमानाने ऐकू नये. "फार मुकी ठेवली तर विमान बहिरं होतं, फार कमी ठेवली तर हळवं," भाचा म्हणाला. हा संसाराचाही नियम आहे, पण तो त्याला मी सांगितला नाही. सूनबाई जिन्यात उभ्या होत्या.

भाच्याची मुलगी अकरा वर्षांची. तिने मला बाजूच्या फिरत्या खुर्चीत बसवले. "आजोबा, डोळे मिटा. फिरताय असं वाटतं तोवर 'फिरतोय' म्हणा." तिने खुर्ची एकसारख्या वेगाने फिरवायला सुरुवात केली. मी "फिरतोय, फिरतोय" म्हणत राहिलो. थोड्या वेळाने खुर्ची थांबली असे वाटले, तसे मी सांगितले. पोरगी खुदकन हसली. खुर्ची तशीच फिरत होती! मग तिने ती खरोखर थांबवली, आणि मला वाटू लागले की मी आता उलट्या दिशेने गरगरतो आहे.

हा पोरखेळ नव्हे. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके वळले की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळते. पण वळण एकसारखे चालू राहिले की वीसेक सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि मेंदू समजतो, आपण सरळ चाललो आहोत. अशाच फिरत्या खुर्चीला रॉबर्ट बारानी या डॉक्टरचे नाव आहे. कानाच्या या अभ्यासाबद्दल त्याला 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. 1926 साली अमेरिकी सैन्यातले वैमानिक विल्यम ऑकर यांना याच खुर्चीने चकवले, आणि त्यावरून त्यांना कळले की ढगात शिरलेला वैमानिक का मरतो. त्याला क्षितिज दिसत नाही. कान सांगतो, सरळ चालला आहेस. विमान मात्र कललेले असते आणि घसरत घसरत चक्राकार खाली येत असते. समोरचा काटा खरे सांगत असतो. पण स्वतःच्या शरीराला खोटे म्हणून एका काट्यावर विश्वास ठेवणे ही गोष्ट शिकवावी लागते, आणि ती आभाळात शिकायला गेले तर शिकण्यापुरता वेळ मिळत नाही.

टपालाच्या थैल्या

1934 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सरकारने विमानांतून टपाल नेण्याचे खाजगी कंपन्यांचे करार रद्द केले आणि ते काम सैन्याच्या वैमानिकांवर सोपवले. ती पोरे उघड्या हवेत उडणारी. भर हिवाळा, धुके, बर्फ, रात्र. थोड्याच आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. लोकांची पत्रे पोचवताना! सैन्याच्या अधिकाऱ्यांना तेव्हा बिंगहॅमटनच्या त्या लाकडी खोक्याची आठवण झाली. न्यूअर्कच्या विमानतळावर भेट ठरली. त्या दिवशी धुके इतके दाट, की अधिकारी निघण्याच्या बेतात होते. अशा हवेत कोण येणार? तेवढ्यात धुक्यातून घरघर ऐकू आली, आणि लिंक खाली उतरला. काट्यांवर भरवसा ठेवून तो बिंगहॅमटनहून आला होता. यापुढे यंत्राची शिफारस करायला शब्दांची गरज उरली नाही. त्या वर्षीच्या जून महिन्यात सैन्याने प्रत्येकी 3,500 डॉलर देऊन सहा खोके घेतले.

पुढचा इतिहास धावता सांगतो. खोक्याला झाकण आले. ते मिटले की आत अंधार आणि काटे. बाहेर टेबलाशी शिक्षक, कानाला लावलेल्या यंत्रातून बोलणारा. टेबलावर नकाशा, आणि नकाशावर तीन चाकांचा एक 'खेकडा' शाईची रेघ ओढीत चाललेला. विद्यार्थी कुठे भरकटला ते त्या रेघेत दिसे. निळ्या रंगामुळे पोरे त्याला 'निळा डबा' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात असे दहा हजारांवर डबे झाले, ऐन घाईत दर पाऊण तासाला एक! अमेरिकेच्या पाच लाखांवर वैमानिकांनी त्यांत धडे घेतले. 1935 साली जपानच्या नौदलानेही दहा डबे नेले होते. म्हणजे पुढे पॅसिफिकवर जे एकमेकांवर तुटून पडले, त्यांतले काही एकाच शाळेचे विद्यार्थी असावेत. भाता बिचारा कुणाचा पक्ष घेत नाही. नंतर चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या तालमीची यंत्रेही लिंकच्याच नावाच्या कंपनीने केली. गावातल्या 'टेकवर्क्स' नावाच्या संग्रहालयात जुने डबे दुरुस्त करून ठेवले आहेत, आणि गावाच्या विमानतळाला लिंकचेच नाव आहे.

पण हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही. 1954 मध्ये त्याने कंपनी विकली आणि तो समुद्राकडे वळला. पाण्याखाली राहण्याच्या कोठ्या केल्या, पाणबुड्या केल्या. 1973 च्या जून महिन्यात फ्लॉरिडाजवळ त्याचीच एक पाणबुडी बुडालेल्या जहाजाच्या तारांत अडकली. आत चौघे होते. सुटका व्हायला एका दिवसाहून अधिक वेळ गेला. दोघे वाचले, आणि मागच्या कोठडीतले दोघे विषारी हवेने गुदमरून गेले. त्यांतला एक लिंकचा मुलगा होता. वय एकतीस. ज्याने दुसऱ्यांची पोरे वाचवायला आयुष्याचा आरंभ केला, त्याचे स्वतःचे पोर त्याच्या देखत असे गेले. त्यानंतर लिंकने काय केले? तो कामाला बसला. अडकलेल्या पाणबुडीच्या तारा कापून तिला मोकळे करील असे, माणसावाचून पाण्यात उतरणारे यंत्र त्याने बनवले. 1981 साली तो बिंगहॅमटनलाच वारला.

ही हकीकत भाच्याने मला तळघरातच सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "चला मामा, जुहूहून येरवड्याला जाऊ."

आपल्याकडच्या टपालाचीही अशीच गोष्ट आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून जुहूच्या मैदानावर उतरले. रेडिओ नाही, वाट दाखवणारे दुसरे साधन नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून तेवढ्यापुरता मुक्काम पुण्याला येरवड्याकडे हलवीत. भाच्याला हे सारे तोंडपाठ आहे. त्याने खिडक्यांचे पडदे ओढले आणि संगणकाला जुलै महिना व्हायला सांगितले. समुद्र करडा झाला. दांडा मागे ओढताच जुहू खाली राहिले. पनवेल गेले असावे. मग खंडाळ्याचे ढग आले आणि तिन्ही पडदे पांढरे झाले. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो कुठेच पाहत नव्हता, फक्त काट्यांकडे पाहत होता. कपडे धुण्याचे यंत्र शेजारी घरघरत होते, आणि का कोण जाणे, माझे हात खुर्चीच्या कडा घट्ट धरून होते. पलीकडे ढग फाटले आणि हिरवेगार मावळ दिसले, तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

"तू वैमानिकच का झाला नाहीस रे?" मी विचारले.

तेव्हा त्याने सांगितले. अठराव्या वर्षी त्याने अर्ज केला होता. तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांच्या पाट्या पुढे धरल्या. ठिपक्यांत आकडे दडलेले असतात, ते वाचायचे. त्याला ठिपके दिसले, आकडे दिसेनात. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला वेगळे ओळखू येत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळले, आणि आम्हा कुणाला त्याने कळू दिले नाही. अमेरिकेत अशा माणसालाही दिवसा उडण्यापुरता परवाना मिळू शकतो म्हणतात. पण घर, हप्ते, नोकरी. मला पहिल्या दिवशीचे पेटलेले डोंगर आठवले, आणि 'सगळे म्हणतात' हे शब्दही.

हा दोष पुरुषांत जास्त असतो. बापाकडून तो मुलीकडे जातो खरा, पण सहसा ती नुसती त्याची वाहक होते, तिला स्वतःला सारे रंग नीट दिसतात. पोरीची तपासणी झाली आहे. तिचे डोळे स्वच्छ आहेत. तिथे सोळा वर्षे पूर्ण झाली की विमान एकट्याने उडवता येते, हे तिने मला दोनदा सांगितले.

निघण्याच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठलो तर तळघरात दिवा दिसला. जिन्यावरून वाकून पाहिले. दांडा उलटा करून टेबलावर ठेवला होता. भाच्याच्या हातात डाख देण्याची तापलेली कांडी होती, आणि पोरगी स्टुलावर बसून तारांचा झुबका उलगडीत होती.

"ही कुठली?" त्याने विचारले.

"हिरवी."

"आणि ही?"

"ही लाल, बाबा. ही इकडे."

त्याने मान हलवली आणि डाख दिला.